‘बुलडोझर’ आधी माणूस होता! अमेरिकन बोलीभाषेने धुऊन काढलेला गुलामगिरीचा इतिहास

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. नाल्याकाठच्या झोपड्यांवर पाडकामाच्या नोटिसा चिकटल्या, तेव्हा त्या वर्गात दुसरा विषयच निघेना. बारावीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, बुलडोझर शेवटी मशीन आहे. मशीनला काय कळतंय कुणाची जात नि कुणाचा धर्म? शब्दाला कशाला दोष द्यायचा?"

मुलगा हुशार आहे आणि त्याचे अर्धे म्हणणे बरोबरही आहे. यंत्राला जात नसते. पण ‘बुलडोझर’ या शब्दाला इतिहास आहे आणि तो इतिहास यंत्राचा नाही, चाबकाचा आहे.

१८७६ साली हा शब्द अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतून गाजू लागला, तेव्हा माती ढकलणारे ते अवजड यंत्र अस्तित्वातच नव्हते. लुईझियाना राज्यात कृष्णवर्णीय मतदारांना रात्री घरातून ओढून काढून, फटके मारून, जीवे मारण्याची धमकी देऊन मतदानापासून रोखणाऱ्या गोऱ्या टोळीवाल्याला ‘बुलडोझर’ म्हणत. म्हणजे बुलडोझर आधी माणूस होता. यंत्र फार नंतर आले.

असा हा एकच शब्द नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन बोलीतले कितीतरी शब्द आज जगभर इंग्रजी बोलणारे सहज वापरतात. ऑफिसात, राजकारणात, क्रिकेटच्या समालोचनातसुद्धा वापरतात. त्या शब्दांखाली कुणाची पाठ सोलली गेली हे वापरणाऱ्याला ठाऊक नसते. जुलूम करणाऱ्यांना नेहमी दोन कामे करावी लागतात. पहिले काम जुलूम करणे आणि दुसरे त्याचा पुरावा नाहीसा करणे. कागदावरचा पुरावा जाळता येतो. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द जाळता येत नाही, म्हणून तो धुऊन, इस्त्री करून पुन्हा वापरात आणला जातो. हा लेख अशा काही धुतलेल्या शब्दांविषयी आहे.

काही जण विचारतील, अमेरिकेच्या गोष्टी आपल्याला कशाला? हा प्रश्न जोतीराव फुल्यांना पडला नव्हता. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना ती अर्पण केली. ही गोष्ट आपण प्रत्येक भाषणात सांगतो. पण तिची दुसरी बाजू सांगत नाही. त्याच वर्षी, १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, लुईझियानातल्या कोलफॅक्स गावी कोर्टाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांची गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कत्तल केली. शरण आलेल्यांनाही सोडले नाही. जोतीरावांनी ज्या मुक्तीला वंदन केले, त्या मुक्तीचा गळा त्याच वर्षी तिथे आवळला जात होता. तो कसा आवळला गेला, हे तिथल्या बोलीतले शब्द सांगतात.

नदीच्या खालच्या अंगाला

इंग्रजीत कुणी विश्वासघात केला की म्हणतात, त्याने मला ‘डाउन द रिव्हर’ विकले. नेत्याने कार्यकर्त्यांना विकले, कंपनीने कामगारांना विकले, सगळीकडे हाच वाक्प्रचार. आज ही नदी म्हणजे नुसती बोलण्याची तऱ्हा वाटते. पण ती खरी नदी होती. तिचे नाव मिसिसिपी.

१८०८ पासून अमेरिकेत बाहेरून गुलाम आणण्यावर कायद्याने बंदी आली. पण देशातल्या देशात माणसे विकायला बंदी नव्हती. त्याआधी, १७९३ साली सरकी काढण्याचे यंत्र निघाले होते आणि दक्षिणेत कापसाचे मळे झपाट्याने पसरत होते. व्हर्जिनिया, मेरीलँड, केंटकी या वरच्या राज्यांत तंबाखूची जमीन थकत चालली होती. तिथल्या मालकांना माणसे विकण्यात जास्त पैसा दिसू लागला. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसे वरच्या राज्यांतून खाली कापसाच्या आणि उसाच्या मुलखात नेली गेली. त्यांतले पुष्कळजण दलालांमार्फत विकले गेले. कुणाला साखळीला बांधून शेकडो मैल चालवत नेले, कुणाला समुद्रमार्गे, तर केंटकीतल्या लुईव्हिलसारख्या बाजारातून बोटीत घालून ओहायो आणि मग मिसिसिपी नदीने खाली नॅचेझ आणि न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात. नवरा वर राहिला, बायको खाली गेली. आई खाली गेली, लेकरू वर राहिले. पुन्हा भेट नाही.

म्हणून ‘खाली नदीला विकीन’ ही मालकाची रोजची धमकी होती. तिची एक बहीणही होती: ‘खिशात घालीन’. म्हणजे तुला विकून तुझ्या किमतीचे पैसे खिशात टाकीन. गुलामीतून सुटलेल्या लोकांनी आपल्या आठवणींत ही धमकी नोंदवून ठेवली आहे. माणूस मालकाच्या खिशात मावतो, हे त्या बोलीने किती सहज सांगितले!

आज या वाक्प्रचारातून नदी गेली, बोट गेली, साखळी गेली. उरला फक्त ‘विश्वासघात’. पण गुलामाच्या बाबतीत तो विश्वासघात नव्हताच. विश्वासघात व्हायला आधी विश्वासाचे नाते लागते. तो कायदेशीर व्यापार होता, नोंदणी केलेला, कर भरलेला. गुन्ह्याला ‘दगा’ म्हटले की तो एका वाईट माणसाचा दोष ठरतो आणि व्यवस्था सुटते. जातीय अत्याचाराच्या बातमीत ‘वैयक्तिक वाद’ हे दोन शब्द घुसडले की हेच होते.

जप्तीचा माल

२३ मे १८६१ ची रात्र. यादवी युद्ध नुकतेच पेटले होते. व्हर्जिनियातले तीन गुलाम, फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी, होडीतून उत्तरेच्या सैन्याच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रो किल्ल्यावर पोहोचले. बंडखोर सैन्य त्यांना तोफांचे मोर्चे बांधायला राबवत होते. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने एक अधिकारी त्यांना परत मागायला आला. फरारी गुलाम परत करण्याचा कायदा तेव्हा अमलात होता.

किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर पेशाने वकील. त्याने युक्तिवाद केला: व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते ना, मग अमेरिकेचा कायदा तिला कशाला हवा? ही माणसे शत्रूची युद्धसामग्री आहेत. युद्धात शत्रूचा माल जप्त करता येतो. म्हणून मी ती ठेवून घेतो. युद्धातल्या अशा मालाला इंग्रजीत शब्द आहे ‘कॉन्ट्राबँड’. काही दिवसांतच तो शब्द सैनिकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या तोंडी बसला आणि पळून येणाऱ्या प्रत्येक कृष्णवर्णीयाला ‘एक कॉन्ट्राबँड’ म्हणू लागले. त्यांच्या छावण्यांना ‘कॉन्ट्राबँड कॅम्प’. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच लाख माणसे अशी उत्तरेच्या सैन्याच्या आश्रयाला आली, असा अंदाज आहे.

बटलरच्या युक्तीने माणसे वाचली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कशी वाचली? माणूस म्हणून नव्हे, माल म्हणून. मालकाने त्यांना मालमत्ता म्हटले होते, सोडवणाऱ्यानेही मालमत्ताच म्हटले, फक्त ताबा बदलला. या शब्दामुळे आणखी एक गोष्ट झाकली गेली. त्या तिघांना कुणी सोडवले नव्हते. जीव मुठीत धरून होडी त्यांनीच वल्हवली होती. त्यांनी पाऊल उचलले म्हणून सरकारला धोरण ठरवावे लागले. त्याच परिसरात १८६१ साली मेरी पीक या मुक्त कृष्णवर्णीय शिक्षिकेने एका ओकच्या झाडाखाली या लोकांची शाळा भरवली. सावित्रीमाईंच्या लेकरांना तिचे मोल वेगळे सांगायला नको. ‘जप्तीचा माल’ कधी होडी वल्हवतो का? कधी अक्षरे गिरवतो का?

आता आपल्याकडची बातमी वाचा: ‘महापालिकेने अतिक्रमण हटवले.’ या वाक्यात एकही माणूस नाही. शहराची गटारे साफ करणारे, धुणीभांडी करणारे, हमाली करणारे, सगळे मिळून एक ‘अतिक्रमण’. शब्दाने माणसाला आधी वस्तू केले की पुढचे काम सोपे होते.

पिशवीवाले आणि मरतुकडी जनावरे

१८६५ मध्ये युद्ध संपले, गुलामी कायद्याने संपली. १८७० मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारायला मनाई झाली. कालपर्यंत बाजारात विकली जाणारी माणसे विधिमंडळात बसू लागली. १८७० साली हायरम रेव्हल्स मिसिसिपीतून अमेरिकेच्या सिनेटवर गेले. साउथ कॅरोलायनाच्या कनिष्ठ सभागृहात तर कृष्णवर्णीयांचे बहुमत होते. या काळाला पुनर्रचनेचा काळ म्हणतात. दक्षिणेतल्या राज्यांत सरकारी खर्चाच्या सार्वजनिक शाळांची व्यवस्था खऱ्या अर्थाने याच काळात उभी राहिली आणि तिचा फायदा गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही झाला.

जुन्या मालकवर्गाला हे सहन होणार नव्हते. त्यांनी दोन शिव्या चलनात आणल्या. उत्तरेतून आलेले शिक्षक, माजी सैनिक, अधिकारी, व्यापारी यांना ‘कार्पेटबॅगर’ म्हटले. जुन्या गालिच्याच्या कापडाची स्वस्त प्रवासी पिशवी असे, ती घेऊन लुटायला आलेला उपरा, असा अर्थ. आणि दक्षिणेतलाच जो गोरा कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या बाजूने उभा राहील, तो ‘स्कॅलवॅग’. हा शब्द युद्धाआधीपासून बोलीत होता. जॉन रसेल बार्टलेटच्या १८४८ च्या अमेरिकन शब्दांच्या कोशात तो नीच, टाकाऊ माणसासाठी नोंदवलेला आहे. मरतुकड्या, बिनकामाच्या गुरांनाही तो लावत.

या लोकांत काही खरोखर भ्रष्ट होते. कुठल्या पक्षात, कुठल्या काळात नसतात? पण शिवीची खुबी ही की तिने सगळ्यांना एकाच पिशवीत भरले. कुणी शाळा काढली आणि कुणी पैसे खाल्ले, हा फरकच उरला नाही. मग कृष्णवर्णीय मतदार काय ठरला? उपऱ्यांच्या हातचे बाहुले. त्याला स्वतःची अक्कल नाही, स्वतःचे राजकारण नाही.

हाच डाव पुढे इतिहासाच्या पुस्तकांत शिरला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुनर्रचनेचा इतिहास याच शिव्यांच्या चष्म्यातून लिहिला आणि तो कित्येक दशके ‘शास्त्रीय’ म्हणून शिकवला गेला. लक्षात घ्या, १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब याच विद्यापीठात शिकत होते आणि डनिंग तेव्हा तिथे होते. ज्ञानाच्या मोठ्या मंदिरातसुद्धा मालकाची भाषा इतिहास म्हणून खपते, ती अशी.

या इतिहासाला सणसणीत उत्तर दिले डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी, १९३५ च्या ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ या ग्रंथात. मळ्यांवरचे काम सोडून, उत्तरेच्या सैन्यात दाखल होऊन गुलामांनी स्वतःच युद्धाचे पारडे फिरवले आणि नंतर लोकशाही उभारण्याचा प्रयत्न केला, हे त्यांनी मांडले. हेच ते ड्युबॉइस, ज्यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती बाबासाहेबांना हवी होती. अस्पृश्यांनीही तसे करावे का, याचा ते विचार करत होते. दोन समाजांचे हे नाते भावनेचे नव्हते, अभ्यासाचे होते.

बैलाचा डोस

आता बुलडोझरकडे येऊ. १८७६ ची अध्यक्षपदाची निवडणूक. लुईझियानात कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने होते आणि त्यांची मते रिपब्लिकन पक्षाला जात. ही मते थांबवल्याशिवाय जुन्या मालकवर्गाच्या डेमोक्रॅटिक पक्षाला सत्ता मिळणार नव्हती. फेलिशियानासारख्या परगण्यांत रात्री घोडेस्वार फिरू लागले. सभेला जाणारा, मतदारांना गोळा करणारा, नुसता मत देण्याचा निश्चय बोलून दाखवणारा माणूस हेरायचा आणि त्याला फटके द्यायचे. किती? बैलाला पुरेल इतका डोस. ‘बुल’ आणि ‘डोस’. शब्द असा घडला, हे त्याच काळातल्या वर्तमानपत्रांनी दिलेले स्पष्टीकरण आहे. फटक्यांनी भागले नाही तर गोळी होतीच.

या टोळ्या निवडणुकीच्या निकालापर्यंत पोहोचल्या. लुईझियाना, फ्लोरिडा आणि साउथ कॅरोलायनाचे निकाल वादात सापडले. शेवटी एका खास आयोगाने १८५ विरुद्ध १८४ अशा एका मताच्या फरकाने रिपब्लिकन हेझ यांना अध्यक्ष ठरवले. डेमोक्रॅट गप्प बसले, पण फुकट नाही. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या शेवटच्या रिपब्लिकन सरकारांच्या पाठीशी उभे असलेले केंद्राचे सैनिक मागे घेतले गेले आणि कृष्णवर्णीय माणूस पुन्हा त्याच घोडेस्वारांच्या हवाली झाला. ज्या पक्षाला त्याने जिवावर उदार होऊन मते दिली, त्याच पक्षाने खुर्चीसाठी त्याला वाऱ्यावर सोडले. दुसऱ्याच्या पक्षात राहून आपले प्रश्न सुटतील असे वाटणाऱ्या आपल्या बांधवांनी हे वर्ष पाठ करावे.

पुढे शब्द निसटला. ‘बुलडोझ करणे’ म्हणजे दांडगाई करणे, इतकाच अर्थ राहिला. मग एका मोठ्या पिस्तुलाला ते नाव मिळाले, मग कारखान्यात धातू दाबून वाकवणाऱ्या यंत्राला आणि विसाव्या शतकात, समोर पोलादी पाते लावलेल्या ट्रॅक्टरला. फटके मारणारा हात शब्दातून गळून पडला. आता तो शब्द विकासाचा, कार्यक्षमतेचा वाटतो. आपल्याकडे तर तो निवडणुकीत मिरवण्याचे चिन्ह झाला. आरोप झाला की चौकशी नाही, खटला नाही, थेट घर पाडायचे आणि टाळ्या घ्यायच्या. धाक घालणे हाच त्याचा हेतू. म्हणजे दीडशे वर्षे फिरून शब्द आपल्या मूळ अर्थावर परत आला आहे!

आजोबांचे कलम

मोबाइल कंपनी जुन्या ग्राहकांना जुन्याच दराने सेवा चालू ठेवते, तेव्हा अमेरिकन माणूस म्हणतो, आम्ही ‘ग्रँडफादर’ झालो. ऐकायला किती प्रेमळ!

चाबकाने मते थांबवता येतात, पण दर निवडणुकीला चाबूक चालवणे त्रासाचे. म्हणून १८९८ साली लुईझियानाने नवे राज्यसंविधान केले. मतदाराला लिहिता-वाचता आले पाहिजे किंवा त्याच्याकडे ठराविक मालमत्ता पाहिजे. मग निरक्षर, गरीब गोऱ्यांचे काय? त्यांच्यासाठी पळवाट ठेवली: १ जानेवारी १८६७ रोजी किंवा त्याआधी जो स्वतः, ज्याचा बाप किंवा आजोबा मतदार होता, त्याला ही अट नाही. त्या तारखेला दक्षिणेतला कृष्णवर्णीय मतदार जवळपास नव्हताच. कायद्यात काळा-गोरा हा शब्द कुठेही नाही. आहे फक्त आजोबा.

परिणाम? लुईझियानात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ साली उरले १,३४२. इतर राज्यांनीही ही युक्ती उचलली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आजोबांचे कलम रद्द केले ते १९१५ मध्ये आणि तोवर इतर अटींनी काम फत्ते केलेले होते.

ज्यांना शिकवणे कालपर्यंत कायद्याने गुन्हा होता, त्यांनाच विचारायचे, तू शिकलेला आहेस का? आणि ज्याच्या आजोबाकडे आधीच सगळे होते, त्याला काहीच विचारायचे नाही. आज ‘गुणवत्ता’ या शब्दावरून आपल्या मुलांना हिणवले जाते, तेव्हा मला हे कलम आठवते. आजोबांची वाडी, आजोबांची वकिली, आजोबांची ओळख हे सगळे मोजायचे नाही. मोजायचे फक्त नातवाचे गुण आणि त्याला म्हणायचे गुणवत्ता.

टॉमकाका कोण होता?

एक शब्द मात्र उलट्या दिशेने फिरला. दक्षिणेत म्हाताऱ्या कृष्णवर्णीय पुरुषाला ‘मिस्टर’ म्हणायचे नाही, असा दंडक होता. म्हणून ‘अंकल’ आणि बाईला ‘आंटी’. नात्याचा शब्द, पण आदर चुकवण्यासाठी वापरलेला. गावात ऐंशी वर्षांच्या आपल्या आज्याला पाटलाचे पोर ‘काय रे’ म्हणायचे, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

१८५२ साली हॅरिएट बीचर स्टोव यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ आली आणि पहिल्याच वर्षात अमेरिकेत तिच्या तीन लाख प्रती खपल्या. आज ‘अंकल टॉम’ म्हणजे मालकाचे पाय चाटणारा, समाजाशी गद्दारी करणारा. आपल्याकडे ‘चमचा’ म्हणतात तसा. मान्यवर कांशीरामांनी १९८२ मध्ये ‘चमचा युग’ लिहून त्या शब्दाला शास्त्रच दिले. पण मूळ कादंबरीतला टॉम पळून गेलेल्या दोन स्त्रियांचा ठावठिकाणा सांगत नाही, म्हणून मालक त्याला मरेपर्यंत मारवतो. गद्दारी करायला नकार दिला म्हणून मेलेला माणूस गद्दारीचे नाव झाला. टॉम फार सोशिक आहे, सगळे देवावर सोडतो, ही टीका रास्त आहे. पण त्याला लाचार विदूषक केले ते मुख्यतः नंतरच्या नाटकवाल्यांनी. तोंडाला काळे फासून गोरे नट टॉमचे खेळ करत गावोगाव फिरले आणि पुस्तकापेक्षा खेळ जास्त लोकांनी पाहिला. आपला माणूस कोण आणि चमचा कोण, हे ठरवताना आपणही पुस्तक वाचतो की खेळ बघतो, हे तपासले पाहिजे.

वही ठेवणारा माणूस

या सगळ्यात दबलेल्यांनी नुसते शब्द झेलले असे नाही, घडवलेही. पळणाऱ्या गुलामांना मदत करणाऱ्या गुप्त साखळीला ‘भुयारी रेल्वे’ म्हणत. लपण्याचे घर म्हणजे ‘स्टेशन’, वाट दाखवणारा ‘कंडक्टर’. हॅरिएट टबमन ही स्वतः गुलामीतून पळालेली बाई या रेल्वेची सर्वांत नामांकित कंडक्टर. १८७९ मध्ये बुलडोझरांच्या छळाला कंटाळून लुईझियाना, मिसिसिपीतली हजारो कुटुंबे कान्ससकडे निघाली. बायबलातल्या दास्यमुक्तीच्या निर्गमनावरून त्यांचे नाव पडले ‘एक्सोडस्टर’. ज्यांना कालपर्यंत ‘माल’ म्हटले, ते आता इतिहासातल्या एका मुक्तीच्या प्रवासाशी स्वतःला जोडत होते.

त्या स्थलांतरामागे हेन्री ॲडम्स नावाचा एक माणूस होता. गुलामीत जन्मलेला, नंतर सैन्यात राहिलेला, सैन्यात असताना लिहा-वाचायला शिकलेला. तो आणि त्याचे साथीदार गावोगाव फिरून नोंदी करत: कुणाला मारले, कुणी मारले, कुठे मारले. १८८० मध्ये तो सिनेटच्या समितीसमोर साक्षीला उभा राहिला, तेव्हा त्याच्याकडे अशा शेकडो नोंदींची यादी होती. ‘बुलडोझिंग’ हा शब्द नंतर धुतला गेला, पण ॲडम्सची साक्ष धुता आली नाही. म्हणूनच आज आपण हे लिहू शकतो.

आपली वही

आपल्या मराठीतही असे शब्द पडलेले आहेत. बातमीत वाचतो, ‘संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले.’ वेठ म्हणजे काय? पाटलाने, सरकारी अंमलदाराने बिनमोल राबवून घेणे. वेठीस धरले गेले कोण? आपले आजे-पणजे, ओझी वाहात, सांगावे पोहोचवत, मेलेली ढोरे ओढत. त्यांच्या अंगावरचा शब्द काढून आज पगार मागणाऱ्या कामगाराच्याच माथी मारला जातो आणि वेठ घेणारा मात्र वाक्यातून पसार!

बाबासाहेबांना शब्दाची ताकद ठाऊक होती. महाराने ‘जोहार’ म्हणायचे ही रीत त्यांनी सोडायला लावली. कामठीच्या बाबू हरदासांनी रुजवलेला ‘जयभीम’ आज त्या जागी उभा आहे. एका शब्दाची जागा दुसऱ्याने घेतली आणि मान वर झाली.

म्हणून त्या मुलाला मी सांगितले, शब्दाला दोष देऊ नकोस, पण त्याची चौकशी कर. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरोपी आहे म्हणून कुणाचे घर पाडता येणार नाही आणि पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागेल. पण त्याच निकालात रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगत, नदी अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही, असेही म्हटले आहे. आपल्या बहुतेक वस्त्या कुठे आहेत? म्हणजे न्यायालयाने दार उघडले तरी ‘अतिक्रमण’ हा शब्द उंबऱ्यावर आडवा बसलेलाच आहे. तिथे वाद घालायचा तर आपल्याकडे कागद लागेल. कोण किती वर्षे राहते, काय काम करते, नोटीस कधी आली, कुणी बजावली, सगळे लेखी.

पुढच्या रविवारी त्या मुलाने दोनशे पानी वही आणली. आता नाल्याकाठच्या घरांच्या नोंदी तोच करतो. पहिल्या पानावर त्याने रकाने आखले आहेत: नाव, काम, किती वर्षांपासून, कोणते पुरावे. ‘अतिक्रमण’ असा रकाना त्यात नाही.

तुमच्या वस्तीची वही कुणाकडे आहे?

जय भीम.